बंदिवानाचे अपील

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला. काम पुरे होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणे जिंकले. १७७४ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे त्यांनी त्याचा तुरुंग केला. मासुंदा तलावाजवळच्या आपल्या चर्चमध्ये मिस्साला जाणाऱ्या कित्येकांनी ही भिंत आयुष्यभर बाहेरून पाहिली आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना २९ मार्च १९१० रोजी मुंबईस देहदंड सुनावण्यात आला आणि १९ एप्रिल रोजी याच भिंतीआड त्याची अंमलबजावणी झाली. निकाल आणि फाशी यांत एकवीस दिवसांचे अंतर होते. आज मृत्युदंडाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी दिलेली मुदतच तीस दिवसांची आहे, आणि उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून ती शिक्षा अमलात आणताच येत नाही. शंभर वर्षांत कायदा एवढा पुढे आला, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

तथापि फाशीचे खटले थोडे. ज्याला दोन वर्षांची, पाच वर्षांची, दहा वर्षांची शिक्षा होते, ज्याच्या खटल्याची बातमी वर्तमानपत्रात एका ओळीचीही येत नाही आणि ज्याच्यापाशी वकिलाला द्यावयास पैसा नाही, त्याच्या अपिलाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे. न्यायाधीश माणूस आहे, म्हणून तो चुकू शकतो; म्हणून अपिलाची तरतूद आहे. मग जो आपली चूक झाल्याचे सांगण्यासाठी स्वतःच्या पायांनी न्यायालयापर्यंत जाऊ शकत नाही, त्याच्या वतीने कागद, मुदत आणि सही यांची जबाबदारी कोणावर पडते?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ जुलै २०२४ पासून मागे पडली आणि तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, पण या विषयापुरता आशय जवळजवळ तोच राहिला. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीस निकाल सांगितल्यावर ताबडतोब निकालपत्राची नक्कल विनामूल्य द्यावयाची, हे नव्या संहितेचे कलम ४०४. त्याने मागणी केल्यास, आणि शक्य असल्यास, ती त्याच्या भाषेत अनुवाद करून द्यावयाची, हेही त्याच कलमात आहे. तुरुंगात असलेल्या माणसाने आपला अपिलाचा अर्ज व सोबतचे कागद तुरुंगाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे सादर करावेत आणि त्या अधिकाऱ्याने ते योग्य त्या न्यायालयाकडे पाठवावेत, हे कलम ४२४. वकील असलाच पाहिजे, अशी अट कोठेही नाही. तुरुंगाच्या बोलीत यालाच ‘जेल अपील’ म्हणतात.

कागदावर याहून सोपे काय असावे? पण एक माणूस कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करीत होता. कल्याणच्या दंडाधिकारी न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली. खटला चालू असताना त्याला जामीन मिळाला होता, पण जामीनदार मिळाला नाही. म्हणून तो आधारवाडीच्या तुरुंगातच होता. (कल्याणच्या कारागृहाचे गावाने पाडलेले हे नाव ऐकून मला नेहमीच थबकावयास होते.) आता पाहा. खटल्याच्या काळात जामिनावर बाहेर असलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, तर अपील दाखल करण्यापुरता वेळ मिळावा म्हणून त्याच न्यायालयाने त्याला पुन्हा जामिनावर सोडावे, अशी तरतूद आहे. तो घरी जातो, वकील गाठतो, मुदतीत अपील करतो. जो जामीनदाराअभावी आतच राहिला, त्याला ही सवलत लागू होत नाही. दोघांचा गुन्हा एक, शिक्षा एक. आणि अपिलाची सुरुवात मात्र एकाची घराच्या ओट्यावरून, दुसऱ्याची बराकीतून. ज्याला सवलतीची गरज अधिक, नेमका तोच तिच्या कक्षेबाहेर आहे.

या माणसाला सत्र न्यायालयात अपील करावयास तीस दिवस आहेत. शिक्षा सत्र न्यायालयाने दिली असती, तर मुंबईस उच्च न्यायालयात जाण्यास साठ दिवस मिळाले असते. अर्जासोबत निकालाची नक्कल जोडावी लागते. म्हणजे सगळी इमारत त्या एका नकलेवर उभी आहे. नक्कल हाती नसेल, तर आपल्याला कोणत्या पुराव्यावर दोषी धरले हेच त्याला कळत नाही. आणि हाती आली, पण इंग्रजीत आली, तर बराकीत ती वाचून दाखवणारा सापडेपर्यंत दिवस जातात. मागितल्यास अनुवाद मिळतो, हे खरे. पण मागावयाचा असतो, हे त्याला सांगितले कोणी? नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदतीतून वगळण्याचीही सोय मुदतीच्या कायद्यात आहे. तीही ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच.

ही नकलेची गोष्ट काल्पनिक नाही. आपल्याच राज्यातील एका खटल्यामुळे ती साऱ्या देशाचा कायदा झाली. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल १७ ऑगस्ट १९७८ रोजी दिला. आरोपी सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होता, आणि विद्यापीठाच्या बनावट पदव्या देण्याच्या प्रयत्नाचा आरोप त्याच्यावर सिद्ध झाला होता. सत्र न्यायालयाने दोषी ठरवूनही त्याला न्यायालयाचे कामकाज संपेपर्यंतची नाममात्र कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली. आरोपीने उच्च न्यायालयात अपील केले, ते फेटाळले गेले. सरकारनेही शिक्षा वाढवावी म्हणून अपील केले, ते मान्य झाले, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा तीन वर्षांवर नेली. त्याविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयात गेला चार वर्षांहून अधिक काळाने. तोपर्यंत, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्याची शिक्षा भोगूनही झाली होती. एवढा उशीर का, या प्रश्नाला त्याचे उत्तर एकच होते: निकालाची नक्कल मला १९७८ मध्ये मिळाली.

चौकशी झाली. उच्च न्यायालयाने नक्कल वेळेवर येरवड्याच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. तुरुंगाचे म्हणणे असे पडले की ती कारकुनामार्फत कैद्याला दिली होती, पण राज्यपालांकडे करावयाच्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली. कैदी म्हणाला, मला मिळालीच नाही. मिळाल्याची त्याची सही कोणत्याही कागदावर नव्हती.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. तुरुंगाचे म्हणणे खरे धरले, तर न्याय मागण्याचा कागद दया मागण्याच्या अर्जाला जोडला गेला! कोणी दुष्टाव्याने केले असे म्हणवत नाही. कारकुनाला कदाचित ती मदतच वाटली असेल. पण दया आणि न्याय यांची गल्लत आपणही, श्रद्धावंत म्हणवणारे, पुष्कळदा अशीच करतो. नाताळात तुरुंगात केक आणि फळे नेणारे आपण किती समाधानाने परततो! ते करूच नये असे मी म्हणत नाही. पण ज्याचे अपील मुदतीअभावी पडून आहे, त्याला केकच्या तुकड्याबरोबर एखाद्या कोऱ्या कागदाचीही गरज असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. कारण दया करताना आपण देणारे असतो आणि तो घेणारा असतो, तर न्याय मागताना तो आपल्याच उंचीवर उभा राहतो. ते आपल्याला थोडे अवघड जाते.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात जे नियम घालून दिले, ते गृहिणीच्या हिशेबासारखे व्यवहारी आहेत. कारावासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने नक्कल ताबडतोब व फुकट द्यावी. ती तुरुंगामार्फत पाठवली असेल, तर अधिकाऱ्याने ती कैद्याच्या हाती लवकर पोचवून त्याची लेखी पोच घ्यावी. त्याला अपील करावयाचे असेल, तर त्यासाठी लागणारी प्रत्येक सोय तुरुंगाने करावी. गरिबीमुळे किंवा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटल्यामुळे तो वकील करू शकत नसेल, तर प्रकरणाचे स्वरूप आणि शिक्षेचे गांभीर्य पाहून न्यायालयाने सक्षम वकील नेमावा, मात्र कैद्याची त्याला हरकत नसावी. आणि त्या वकिलाचा मोबदला सरकारने द्यावा. हे सारे उपकार म्हणून सांगितलेले नाही. जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या घटनादत्त हक्काचा तो भाग ठरला.

आणि ज्याच्या खटल्यात हे नियम झाले, त्या माणसाची याचिका मात्र न्यायालयाने फेटाळली. त्याचा दोष कायम राहिला. मला या निकालातले सर्वांत मोलाचे हेच वाटते. आपण निरपराध माणसाच्या हक्कांविषयी सहज कळवळतो. चित्रपटही त्याच्यावरच निघतात. येथे न्यायालयाने एका दोषी माणसाकडे पाहून सांगितले की तू हरलास, पण तुझा कागद तुला मिळावयास हवा होता. तो माणूस विद्यापीठात शिकवणारा होता, कागदांच्या दुनियेतच वाढलेला होता. त्याची ही गत झाली, तर अंगठा उठवणाऱ्याची काय होत असेल?

ख्रिस्ती वाचकाला असा एक बंदिवान फार पूर्वीपासून ओळखीचा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे चोविसावे ते सव्विसावे अध्याय कायद्याच्या नजरेने पुन्हा वाचून पाहावेत. कैसरियाच्या कैदेत संत पौल आहे. फिर्यादी पक्ष तिर्तुल्ल नावाचा पट्टीचा वक्ता बरोबर घेऊन येतो, आणि पौलाच्या बाजूने बोलावयास पौलच. फेलिक्स निकाल देत नाही. दोन वर्षे तशीच जातात. आजच्या भाषेत तो ‘कच्चा कैदी’ आहे. नवा सुभेदार फेस्त येतो, तेव्हा पौल कैसराकडे दाद मागतो. पुढची अडचण मोठी बोलकी आहे. फेस्ताला कळत नाही की कैसराला लिहावे काय! कैदी वर पाठवावयाचा आणि त्याच्यावरचा आरोप लिहावयाचा नाही, हे त्याला स्वतःलाच वेडेपणाचे वाटते. म्हणून तो अग्रिप्पा राजाला बसवून पुन्हा ऐकून घेतो. कागद तयार करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात कैदी आहे त्याची, हे त्या रोमी अधिकाऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. संत पौलाला मात्र एक लाभ होता, जो आमच्या डोंबिवलीच्या माणसाला नाही: कैसराकडे दाद मागता येते, हे त्याला ठाऊक होते.

दूरच्या देशातलेही एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ह्यूस्टन नावाच्या कैद्याने वकिलाशिवाय अपील करावयाचे ठरवले. मुदत तीस दिवसांची. सत्ताविसाव्या दिवशी त्याने आपला कागद तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या हाती दिला. न्यायालयात त्यावर शिक्का पडला एकतिसाव्या दिवशी. एका दिवसाने मुदतबाह्य! प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निकाल लागला की वकील नसलेल्या कैद्याने तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती कागद दिला, त्या क्षणी अपील दाखल झाले असे समजावे. कारण सरळ आहे. बाहेरचा माणूस स्वतः कचेरीत जाऊ शकतो, कारकुनाला विचारू शकतो, टपाल पोचले नाही तर दुसरी वाट धरू शकतो. कैद्याच्या हातात एकच गोष्ट असते: कागद पहारेकऱ्याकडे देणे. तेथे त्याचा हात संपतो.

चार न्यायाधीशांचा विरोध होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियमात जे लिहिले आहे ते न्यायालयाने दयेपोटी बदलू नये, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही हा आक्षेप ऐकू येतो, आणि तो घेणारे निर्दय नसतात. मुदत नसेल तर कोणताही निकाल कधीच पक्का होणार नाही. ज्या घरातले माणूस मारले गेले, ज्या मुलीवर अत्याचार झाला, त्यांना कधीतरी कळावयास हवे की आता हे संपले. एकासाठी नियम सैल केला, तर जो शहाणा आणि लबाड आहे तो त्याच फटीतून शिरेल. पीडितांचे दुःख हे खरे दुःख आहे, आणि कैद्यांच्या हक्कांविषयी लिहिणाऱ्यांनी ते विसरले की त्यांचे लिखाण पोकळ होते.

परंतु येथे मुदत काढून टाकण्याची मागणीच नाही. तीस दिवस तीसच असोत. ते मोजावयाचे कोठून, आणि तुरुंगाच्या दप्तरात गेलेले दिवस कोणाच्या खाती मांडावयाचे, एवढाच वाद आहे. ज्याने किल्ली आपल्याकडे घेतली, त्याने दारापलीकडच्या कामाचा भारही घेतला, असे मला वाटते. आपल्या कलम ४२४ मध्ये कैद्याने अर्ज ‘सादर’ करावयाचा तो तुरुंगाधिकाऱ्याकडेच. पुढे पाठवणे हे अधिकाऱ्याचे काम. शब्द इतके स्पष्ट असताना त्या पुढच्या विलंबाचा जाब कैद्याला विचारणे नीतीला धरून नाही.

उशीर झालाच, तर विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पुरेसे कारण दाखवावे लागते. या बाबतीत उदार दृष्टी ठेवावी, प्रत्येक दिवसाचा हिशेब मागण्याच्या नियमाचा अर्थ पंतोजीसारखा लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कातिजी खटल्यात सांगितले. ते वचन वकील आजही आधाराला घेतात. त्या खटल्यात उशीर कोणाचा होता? सरकारचा. भूसंपादनाच्या मोबदल्याविरुद्धचे अपील चार दिवस उशिरा आले होते. कचेऱ्या, कारकून, वकील हाताशी असलेल्या सरकारला चार दिवसांची माफी मिळावी, याबद्दल माझी तक्रार नाही. बराकीतल्या माणसाला तीच माफी तेवढ्याच सहजतेने मिळावी, एवढेच मागणे आहे.

याहून गहन गोष्ट अजून राहिली. अपिलाचा दरवाजा काहींसाठी आधीच बंद झालेला असतो, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला असतो. ज्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर शिक्षा झाली, त्याला दोषाविरुद्ध अपील करता येत नाही. शिक्षा जास्त किंवा बेकायदा आहे, एवढेच म्हणता येते. आता लहानशा चोरीच्या आरोपाखाली जामिनावाचून महिनोन्‌महिने आत राहिलेल्या माणसाचा विचार करा. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. कोणी त्याला सांगतो, ‘कबूल करून टाक, आजच सुटशील.’ लढावयाचे तर तारखा पडत राहणार. तो कबूल करतो आणि सुटतो. सुटला, म्हणून घरचे आनंदतात. पण त्याने चोरी केली नसेल, तर त्याच्या नावावर ती आता कायमची लागली, आणि ती पुसण्याची वाट कायद्याने मिटली. पापनिवेदनाची ओळख असलेल्या आपल्यासारख्यांना कबुली या शब्दाचे पावित्र्य ठाऊक आहे. मनापासून दिलेली कबुली माणसाला मोकळे करते. कंटाळून दिलेली कबुलीही त्याला मोकळे करते, आणि त्याची किंमत त्याचे नाव असते. या व्यवहारात न्यायालयाचा वेळ वाचतो, तुरुंगाची जागा मोकळी होते. त्यामुळेच कोणी फारसा प्रश्न विचारत नाही.

वकील मागितला नाही, म्हणून दिला नाही, ही सबब आता चालत नाही. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या या कारणाने शिक्षा रद्द केली: मोफत वकील मिळतो हे आरोपीला कोणी सांगितलेच नव्हते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती, तिची मिळकत कितीही असो, मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सुहास चकमा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील विधी साहाय्य केंद्रांचे काम नीट चालावे आणि शिक्षा झालेल्यांना अपिलाच्या हक्काची माहिती मिळावी, म्हणून पुन्हा निर्देश दिले. १९७८ मध्ये सांगितलेले २०२४ मध्ये पुन्हा सांगावे लागते, यावरून काय समजावयाचे ते वाचकांनी समजावे.

कायदा पुरेसा आहे; उणीव आहे ती निरोप पोचवणाऱ्या माणसांची. आपल्या धर्मग्रामांतून तुरुंगात जाणारे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक आहेत. कित्येक घरांतून, लाजेने कोणाला न सांगता, मुलाखतीला जाणाऱ्या माताही आहेत. शिक्षा झालेल्या माणसाशी जाळीपलीकडून बोलताना त्याच्या तब्येतीची चौकशी झाली की विचारावे: निकालाची नक्कल मिळाली का, कोणत्या तारखेला मिळाली, आणि मिळाल्याची सही तुझी आहे का? अपील करावयाचे आहे का? करावयाचे असेल, तर अधीक्षकांकडे दिलेल्या अर्जावर त्या दिवसाची तारीख घाल. नक्कल मराठीत हवी असेल, तर तसे लेखी माग. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी ठाण्याच्या न्यायालयात आहे. कल्याणच्या न्यायालयात तालुका समिती आहे. नातेवाइकाने तेथे साध्या मराठीत अर्ज दिला तरी चालतो, त्यासाठी शुल्क नाही. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवावी, आणि तिच्यावर कचेरीचा शिक्का घेतल्यावाचून खिडकीपासून हलू नये.